दिवसभर बोलणारी माणसे संध्याकाळी गप्प का होतात? उभयमुखी स्वभाव समजून घेताना

माझी वहिनी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. चाळीस मुलांचा वर्ग ती एकटी सांभाळते, पालकसभेत सरपंचांपासून मजुरीला जाणाऱ्या आयांपर्यंत सगळ्यांशी मोकळेपणाने बोलते आणि स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन दरवर्षी तिच्याकडेच येते. घरी आल्यावर मात्र ती चहाचा कप घेऊन गच्चीवर जाते आणि अर्धा तास कोणाशीही बोलत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत या अर्ध्या तासावरून घरात किती कुरबुरी झाल्या, ते मी जवळून पाहिले आहे. "शाळंत एवढं बोलती, मग घरातल्यांनीच काय घोडं मारलंय?" असे आई म्हणायची. वहिनीकडे याचे उत्तर नव्हते, कारण आपण असे का वागतो हे तिलाही कळत नव्हते.

आता तिची मुलगी अकरावीत आहे आणि लातूरला शिकवणीसाठी वसतिगृहात राहते. 2025 मध्ये न्यूयॉर्कमधील मानसोपचारतज्ज्ञ रामी कामिन्स्की यांनी मांडलेला 'ऑट्रोव्हर्ट' (कोणत्याही गटाचा भाग असल्यासारखे न वाटणारा) हा नवा शब्द वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरू लागला, तेव्हा त्याच्या जोडीने स्वभाव ओळखण्याच्या तऱ्हेतऱ्हेच्या चाचण्याही फिरू लागल्या. त्यांतली एक चाचणी पुतणीने सोडवली आणि उत्तर आले, 'अँबिव्हर्ट', म्हणजे अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधली. तिने मला फोन करून विचारले, "काका, म्हणजे मी नेमकी कोण? दोन्हीही, की दोन्हीही नाही?" हा लेख म्हणजे तिला फोनवर देता न आलेले उत्तर आहे, आणि बऱ्याच अंशी तिच्या आजीलाही.

शब्द आले कुठून

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रात रूढ केली ती स्वित्झर्लंडचे मनोचिकित्सक कार्ल युंग यांनी, 1921 मध्ये. त्यांच्या मांडणीचा गाभा थोडक्यात असा होता की, काही माणसांचे लक्ष आणि मनाची शक्ती बाहेरच्या माणसांकडे व घडामोडींकडे ओढली जाते, तर काहींची स्वतःच्या विचारांकडे व अनुभवांकडे वळते. मात्र युंग यांनी त्याच सुमारास एक तिसरा गटही सांगितला होता, ज्यातील माणसांना या दोहोंपैकी कोणतेच नाव सहज देता येत नाही, आणि हा गट संख्येने सर्वांत मोठा आहे असेही त्यांनी नोंदवले होते. पुढच्या शंभर वर्षांत पहिले दोन शब्द घराघरांत पोहोचले आणि सर्वांत मोठा गट मात्र विस्मरणात गेला, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

त्या गटाला नाव मिळायला फार काळ लागला नव्हता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडमंड काँक्लिन यांनी 1923 मध्ये 'अँबिव्हर्ट' हा शब्द वापरला. त्यातील 'अँबि' या लॅटिन भागाचा अर्थ 'दोन्ही बाजूंनी' असा होतो. मराठीत त्याला 'उभयमुखी' म्हणतात आणि इथून पुढे मी तोच शब्द वापरणार आहे.

इथे आपल्या भाषेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठीत 'अंतर्मुख' हा शब्द मानसशास्त्राच्या आधीपासून कीर्तन-प्रवचनातून आपल्या कानांवर पडत आलेला आहे. 'त्या प्रसंगाने तो अंतर्मुख झाला' असे आपण म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या आचरणाचा विचार करू लागला, असे आपल्याला सुचवायचे असते. मानसशास्त्रातला अंतर्मुखपणा हा असा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. रोजच्या बोलण्यात मात्र आपण कमी बोलणाऱ्याला 'घुमा', 'माणूसघाणा', 'आतल्या गाठीचा' म्हणून मोकळे होतो आणि जास्त बोलणाऱ्याला मर्जीप्रमाणे कधी 'दिलखुलास' तर कधी 'तोंडाळ' ठरवतो. मधल्या माणसासाठी बोलीत चपखल शब्द शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. मला तरी तो सापडला नाही. ज्याला नाव नसते त्याची गरजही लोकांना दिसत नाही, आणि वहिनीच्या बाबतीत नेमके तेच झाले.

ज्वारीच्या रानात उभे राहून पाहू

रब्बीत मालदांडी ज्वारी पोटरीत येऊन गेल्यावर एखाद्या रानात उभे राहा आणि धाटांच्या उंचीकडे नीट पाहा. काही धाटे इतरांच्या वर डोके काढून उभी असतात, काही खुरटी राहतात, पण बहुतेक धाटे मधल्याच उंचीची असतात. 'उंच' आणि 'बुटकी' अशा दोन पेंढ्या बांधायला सांगितल्या, तर दोन्ही टोकांची धाटे पटकन वेगळी होतील, परंतु उरलेल्या बहुसंख्य धाटांपुढे कापणाऱ्याचा हात थबकेल.

माणसांच्या अंतर्मुख-बहिर्मुखपणाचेही असेच आहे. मोठ्या संख्येने लोकांचे मोजमाप करून आकडे कागदावर मांडले, तर दोन वेगळे ढीग तयार होत नाहीत. मध्ये फुगलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला, घंटेसारखा एकच आकार तयार होतो. अशा आकाराचे गणित ठरलेले आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका ठरावीक मापाचे अंतर घेतले (संख्याशास्त्रात या मापाला प्रमाण विचलन म्हणतात), तर त्या मधल्या पट्ट्यात सुमारे 68 टक्के माणसे येतात. त्या सर्वांना उभयमुखी म्हणायचे की त्यातल्या अगदी मध्यावरच्यांनाच, हे अभ्यासक आपापल्या सोयीने ठरवतात, कारण निसर्गाने तिथे कोणताही बांध घातलेला नाही.

त्यामुळे 'उभयमुखी' हा अंतर्मुख व बहिर्मुख यांच्या जोडीला उघडलेला तिसरा खण आहे, हा समज मनातून काढून टाकावा. तो एका सलग पट्टीचा मधला भाग आहे. मोबाइलवरच्या पुष्कळ चाचण्या हीच गोष्ट विसरतात. युंग यांच्या कल्पनांवरून कॅथरीन ब्रिग्स आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्स मायर्स यांनी तयार केलेली प्रसिद्ध चाचणी प्रत्येकाला दोहोंपैकी एक अक्षर देते, म्हणजे मध्यरेषेच्या जरासा अलीकडचा एका गटात जातो आणि जरासा पलीकडचा दुसऱ्या. 34 गुणांचा मुलगा नापास आणि 35 गुणांचा पास ठरतो, म्हणून त्या दोघांच्या ज्ञानात जमीन-अस्मानाचा फरक असतो का? तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचे अक्षर बदलते, त्यामागे स्वभाव पालटणे हे कारण नसते. ते रेषेच्या अगदी जवळ उभे असतात, एवढेच.

साठ टक्के मिळवणारी दोन मुले

आता माझ्या मते या विषयातल्या सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत कमी सांगितल्या जाणाऱ्या मुद्द्याकडे येतो. आज मानसशास्त्रात स्वभावाचे मोजमाप पाच मोठ्या गुणांच्या आधारे करण्याची पद्धत सर्वाधिक मानली जाते आणि बहिर्मुखता हा त्यांपैकी एक. पण बहिर्मुखता ही एकसंध गोष्ट नाही. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे या अमेरिकी अभ्यासकांनी तिच्या सहा बाजू सांगितल्या आहेत: आपुलकीचा ओलावा, माणसांच्या घोळक्यात रमणे, स्वतःचे म्हणणे ठामपणे मांडणे, अंगातली धडपड, थराराची ओढ आणि आनंदी वृत्ती.

दहावीला दोन मुलांना साठ टक्के मिळाले असे समजा. एकाला प्रत्येक विषयात साठच्या आसपास गुण आहेत. दुसऱ्याला गणितात नव्वद आणि भाषेत तीस. गुणपत्रिकेच्या तळाशी आकडा एकच असला, तरी ही दोन अगदी वेगळी मुले आहेत आणि त्यांना एकच सल्ला देणारा शिक्षक दोघांचेही नुकसान करील. उभयमुखी माणसांतही असे दोन प्रकार आढळतात. एक माणूस सहाही बाजूंत मध्यम असतो, लग्नातही बरा रमतो आणि एकटाही बरा राहतो. दुसरा मात्र काही बाजूंत टोकाचा बहिर्मुख आणि काहींत टोकाचा अंतर्मुख असतो. वहिनी दुसऱ्या प्रकारची आहे. ठामपणा, धडपड आणि आपुलकी तिच्यात भरपूर आहे, पण घोळक्यात रमणे तिला जमत नाही. म्हणूनच तीनशे लोकांपुढे माइक हातात घेऊन बोलताना ती फुललेली दिसते आणि त्याच कार्यक्रमानंतर जेवणाच्या पंगतीत, सगळे एकाच वेळी बोलत असताना, कोमेजून जाते. व्यासपीठावर बोलणे आणि गर्दीत मिसळणे ही वरवर सारखी दिसणारी, पण वेगवेगळ्या बाजूंची कामे आहेत. हे ज्या दिवशी मला उमगले, त्या दिवशी आमच्या घरातल्या अनेक जुन्या प्रसंगांचा अर्थ माझ्यासाठी बदलला.

तवा किती तापवायचा

माणसामाणसांत हा फरक मुळात का असतो, याचे एक गाजलेले उत्तर जर्मनीत जन्मलेले आणि लंडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी 1967 मध्ये दिले. मेंदू किती जागा आणि किती चेतलेला आहे, याची एक पातळी असते. आयसेंक यांच्या मते अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक चेतलेला असतो, म्हणून थोड्या आवाजाने, थोड्या गर्दीने त्याला पुरेसे होते. बहिर्मुखाची पातळी खाली असते, म्हणून तो ती वर आणण्यासाठी माणसे, गप्पा आणि हालचाल शोधतो.

भाकरी करणाऱ्या प्रत्येकीला हे वेगळ्या शब्दांत ठाऊक असते. तवा थंड असेल तर भाकरी फुगत नाही आणि फार तापला तर करपते. अंतर्मुखाचा तवा आधीच तापलेला असतो, त्याला थोडाच जाळ लागतो. बहिर्मुखाला चुलीत आणखी एक लाकूड सारावे लागते. उभयमुखी माणसाचा तवा मध्यम आचेवर असतो, त्यामुळे सकाळी त्याला जाळ वाढवावासा वाटतो आणि दिवसभर तापल्यावर संध्याकाळी तो कमी करावासा वाटतो. त्याचे बोलणे आणि गप्प होणे या दोन परस्परविरोधी गोष्टी नसून आच योग्य पातळीवर राखण्याचे ते दोन मार्ग आहेत.

या सिद्धांताच्या समर्थनासाठी जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून लाळ मोजण्याचे प्रयोगही झाले आणि सरासरीने अंतर्मुख माणसांना अधिक लाळ सुटल्याचे त्यांत आढळले. घरी लिंबू पिळून स्वतःचा स्वभाव ओळखण्याचा खटाटोप मात्र कोणी करू नये. गटांच्या सरासरीतला फरक एकट्या माणसाबद्दल फारसे काही सांगत नाही. नंतरच्या संशोधनाने आयसेंक यांचे चित्र इतके सरळ नसल्याचे दाखवले आहे, आणि त्यांच्या उत्तरायुष्यातील आजार व व्यक्तिमत्त्व यांच्या संबंधांवरील अनेक शोधनिबंधांना 2019 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने अविश्वसनीय ठरवले, हेही वाचकाला ठाऊक असावे. चेतनेच्या पातळीची कल्पना मात्र स्वतःला समजून घेण्यासाठी आजही उपयोगी पडते.

परभणीचे हवामान आणि परभणीचा आजचा दिवस

"माणूस कधी असा आणि कधी तसा वागत असेल, तर मग स्वभाव म्हणून काही उरते का?" ही शंका रास्त आहे. परभणीचेच उदाहरण घेऊ. तिथे मे महिन्यात पारा 44 अंशांच्या घरात जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात दहाच्या खाली उतरतो. केवळ एका दिवसाचा आकडा पाहून परभणी थंड गाव आहे की उष्ण, हे कोणी ठरवणार नाही. पण पुरे वर्ष, पुरे दशक पाहिले तर परभणीचे हवामान ओळखता येते आणि ते महाबळेश्वरच्या हवामानापेक्षा वेगळे आहे, याबद्दल वाद होत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम फ्लीसन यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जवळजवळ हेच केले. त्यांनी विद्यार्थ्यांना काही आठवडे, दिवसातून अनेकदा, त्या त्या वेळी आपण किती बोलके, किती धीट, किती उत्साही होतो याची नोंद ठेवायला सांगितली. एकाच विद्यार्थ्याच्या नोंदींतला चढउतार इतका मोठा निघाला की जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी बहिर्मुखासारखा आणि कधी ना कधी अंतर्मुखासारखा वागलेला दिसला. तरीही प्रत्येकाची सरासरी आठवड्यामागून आठवडे जवळपास तीच राहिली. दिवस बदलत राहिले, हवामान टिकले. यावरून उभयमुखी माणसाची ओळख 'जो दोन्ही प्रकारे वागतो तो' अशी करता येत नाही, कारण तसे सगळेच वागतात. ज्याची सरासरी पट्टीच्या मध्याजवळ आहे, तो उभयमुखी.

"हे तर भविष्यासारखे झाले, कोणालाही लागू पडेल"

ही दुसरी शंका आणखी टोकदार आहे आणि ती घेणाऱ्याचे मला कौतुकच वाटते. 'तुम्ही कधी माणसांत रमता, कधी तुम्हाला एकांत हवासा वाटतो' हे वाक्य वाचून नाही म्हणणारा माणूस विरळाच. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी प्राध्यापकाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा म्हणून अहवाल दिला. तो किती अचूक आहे, यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता आणि तो फोरर यांनी बाजारात मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उतरवला होता.

म्हणून 'मी उभयमुखी आहे' एवढे समजल्याने ज्ञानात फारशी भर पडत नाही, हे मी पुतणीला स्पष्टपणे सांगितले. 'तुझा रक्तदाब सामान्य आहे' यासारखेच ते वाक्य आहे. उपयोग सुरू होतो तो पुढच्या प्रश्नांपासून: सहा बाजूंपैकी कोणत्या बाजूंत मी वर आहे आणि कोणत्यांत खाली? किती वेळाने आणि कशाने मी थकते? ओळखीच्या चौघींत थकते की अनोळखी एकीसमोर? तिने दोन आठवडे वहीत रोज दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या लक्षात आले की, खोलीतल्या मैत्रिणींशी गप्पा मारून तिला थकवा येत नाही. तिला थकवते ती मेसमधली, शंभर मुलींच्या आवाजातली वीस मिनिटे. आता ती जेवायला अर्धा तास उशिरा जाते.

'ऑट्रोव्हर्ट' या नव्या शब्दाबद्दलही इथेच सांगतो. ज्याला माणसांशी मैत्री जमते, पण कोणत्याही गटाचा भाग असल्यासारखे वाटत नाही, अशा माणसासाठी कामिन्स्की यांनी तो योजला आहे. ही निरीक्षणातून आलेली सूचना आहे. शंभर वर्षे मोजमाप होत आलेल्या बहिर्मुखतेच्या पंक्तीला तिला आजच बसवणे घाईचे होईल.

हा लाजाळूपणा नव्हे, आणि आजारही नव्हे

भिडस्त किंवा मुखदुर्बळ माणसाला बोलायचे असते, पण लोक काय म्हणतील या धास्तीने शब्द घशातच अडकतात. अंतर्मुख किंवा थकलेल्या उभयमुखी माणसाला त्या क्षणी बोलायचेच नसते आणि त्याचे त्याला दुःखही नसते. बाहेरून दोघेही गप्प दिसतात. पहिल्याला धीर हवा असतो, दुसऱ्याला वेळ. उलट द्यायला गेलो तर दोघांनाही त्रास होतो: लाजऱ्या मुलाला एकटे सोडले तर तो आणखी आक्रसतो, आणि दमलेल्या मुलीला पाहुण्यांसमोर आणून "बोल की गं काही" म्हटले तर ती आणखी दमते.

काही वाचकांना याहून मोठी काळजी असते. कधी उत्साही, कधी गप्प म्हणजे हा द्विध्रुवीय आजार, लोक ज्याला बायपोलर म्हणतात, तो तर नाही ना? फरक मोठा आहे आणि तो नीट लक्षात ठेवावा. त्या आजारातली उन्मादाची अवस्था किमान आठवडाभर टिकते. त्यात माणसाला दोन-तीन तासांची झोप पुरेशी वाटते, विचार धावत सुटतात, पैसा बेफाम उधळला जातो, आणि उदासीचा काळ दोन आठवडे किंवा अधिक चालून खाणेपिणे, झोप, काम सगळेच विस्कटते. अर्धा तास गच्चीवर बसून ताजेतवाने होऊन खाली येणाऱ्या माणसात असे काही नसते. मात्र गप्प बसणे विश्रांतीसारखे न वाटता ओझ्यासारखे वाटत असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर त्याला स्वभाव म्हणून झाकून ठेवू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून सुरू आहे, तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

बस्त्याच्या दुकानातले शहाणपण

विक्रीच्या धंद्यात बोलघेवडाच बाजी मारतो, असा सार्वत्रिक समज आहे. अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलमधील अ‍ॅडम ग्रँट यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फोनवरून विक्री करणाऱ्या 340 कर्मचाऱ्यांची तीन महिन्यांची कमाई तपासली. बहिर्मुखता वाढली की विक्री वाढते, असा सरळ संबंध जवळजवळ मिळालाच नाही. सर्वाधिक विक्री मधल्या माणसांनी केली होती. ती अंतर्मुखांपेक्षा 24 टक्के आणि बहिर्मुखांपेक्षा 32 टक्के अधिक होती. ग्रँट यांचा तर्क असा की, अतिबोलका विक्रेता स्वतःच बोलत राहतो, ग्राहकाचे ऐकत नाही आणि त्याचा आग्रह समोरच्याला टोचू लागतो.

लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या कोणालाही हे पटेल. चांगला दुकानदार गादीवर साड्यांच्या घड्या भराभर उलगडत भाव, पोत, काठ सांगत असतो आणि नवरीच्या आईने एका साडीचा पदर बोटांत धरला की एकदम थांबतो. त्या क्षणी जो बोलत राहिला, त्याच्याकडून ती साडी जात नाही. अर्थात हा अभ्यास एका प्रकारच्या कामापुरता आहे. त्यावरून उभयमुखी माणसे सगळ्याच कामांत सरस ठरतात, असे म्हणणे चुकीचे होईल. विहीर खणताना, हिशेब तपासताना किंवा शस्त्रक्रिया करताना कोणता स्वभाव अधिक चांगला, याबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही. मुलाखतीला बसणाऱ्यांनी आणि मुलाखत घेणाऱ्यांनीही एवढे जरूर लक्षात घ्यावे की, पहिल्या पाच मिनिटांचा बोलकेपणा म्हणजे कामाची ग्वाही नव्हे.

"आमच्या वेळी नव्हते हे चोचले"

ही शंका माझ्या आईची. तिला उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या शेतकरी जीवनात माणसांत असणे आणि एकटे असणे यांचा फेर आपोआप घडत असे. दिवसभर गडी एकटा औतामागे चालायचा आणि दिवेलागणीला पारावर येऊन बसायचा. बाया पहाटे जात्यावर एकट्या ओव्या म्हणत दळायच्या आणि दुपारी खुरपायला रांगेने बसायच्या. कोणी एकांत मागत नसे, कारण तो कामातच मिळत असे. त्या काळी इतर हाल कमी नव्हते, बायांच्या वाट्याला तर फारच, म्हणून त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण हा फेर त्यात होता.

आज शिक्षिका, बँकेतला कारकून, मोंढ्यात सकाळपासून सौद्याच्या गलक्यात उभा असलेला आडत्या, यांचा पूर्ण दिवस माणसांत जातो आणि घरी परतल्यावर हातातल्या फोनमध्ये आणखी दोनशे माणसे वाट पाहत असतात. शिकवणीसाठी आलेली मुले एका खोलीत चौघे-चौघे राहतात. फेर तुटला आहे, म्हणून तो आता मागून घ्यावा लागतो.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांनी याबद्दल मोलाचे सांगितले आहे. आपल्याला मनापासून महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामासाठी माणूस स्वभावाच्या पलीकडे जाऊन वागू शकतो. मात्र त्याची किंमत शरीर-मनाला मोजावी लागते आणि ती भरून काढण्यासाठी त्याला सावरण्याची एक जागा लागते. स्वतः लिटल अत्यंत अंतर्मुख, तरी त्यांची व्याख्याने रंगत असत, आणि व्याख्यानानंतर लोकांपासून थोडा वेळ सुटका मिळावी म्हणून ते स्वच्छतागृहात जाऊन बसत, असे त्यांनीच सांगितले आहे. आपल्याकडे ही जागा म्हणजे कोणाची गच्ची असते, कोणाचा शेतातला आखाडा, कोणाची दुकान बंद केल्यावर घरापर्यंतची पायी वाट. जिथे दोन खोल्यांत सात माणसे राहतात तिथे स्वतंत्र खोली मागणे शक्य नसते, परंतु अर्धा तास हाक न मारणे शक्य असते.

उभयमुखी माणसाची खरी अडचण इथेच आहे आणि हा लेख मी तिच्यासाठीच लिहायला घेतला. पूर्ण अंतर्मुख माणसाचा एकांत घरचे हळूहळू मान्य करतात, 'तो तसाच आहे' म्हणून सोडून देतात. उभयमुखी माणसाला मात्र सगळ्यांनी हसताना, बोलताना, सभा गाजवताना पाहिलेले असते. त्यामुळे त्याचे गप्प होणे स्वभाव म्हणून स्वीकारले जात नाही, ते राग, रुसवा किंवा गर्व म्हणून वाचले जाते. सुनेच्या बाबतीत तर हे फारच लवकर होते. मुलाने तेच केले तर 'दमला असेल' म्हणतात.

स्वभाव बदलता येतो का?

जुळ्यांवरील अभ्यासांनुसार बहिर्मुखतेत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकांपैकी साधारण 40 ते 50 टक्के फरकांचा संबंध आनुवंशिकतेशी असतो. म्हणजे उरलेल्या भागात परिस्थितीला वाव आहे, पण लहानपणी कोणी मागे लागले म्हणून घुम्याचा बोलघेवडा होत नाही. वागणे शिकता येते, थकण्याचा उंबरठा फारसा हलत नाही.

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही दरवर्षीप्रमाणे रानात गेलो. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे आणि आंबिलीचे जेवण झाले, गावातली आणि शहरातली मिळून तीस-पस्तीस माणसे जेवून गेली आणि प्रत्येकाला आग्रह करकरून वाढण्यात वहिनी सगळ्यांच्या पुढे होती. तीनच्या सुमारास ती उठली आणि बांधावरच्या चिंचेखाली जाऊन एकटीच बसली. उशिरा आलेल्या एका पाहुण्या बाईंनी तिची चौकशी केली, तेव्हा आईने मडक्यातली आंबील त्यांच्या वाटीत ओतली आणि म्हणाली, "बसू द्या तिला जरा, येईल आपूआप."